खोकेमास्तरांचा लाल ठिपका

खोकेमास्तरांनी आमच्या घराची बेल कधीच वाजवली नाही. बेल दाराच्या उजव्या हाताला ठसठशीत आहे, खाली आमच्या नावाची पाटी आहे, तरी ते दारावर टकटक करायचे. तीही एका जागी नाही. आधी कडीजवळ, मग मधोमध, मग वाकून खाली. पहिल्यांदा आले तेव्हा मी दार उघडलं तर हा माणूस अर्धा वाकलेला आणि एक कान दाराला जवळजवळ चिकटलेला. मला वाटलं, यांचं काहीतरी पडलंय. ते सरळ झाले आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाले, "मधे पोकळ आहे. कडेला पट्ट्या आहेत फक्त. बिल्डरनं सांगितलं होतं का तुला?" बिल्डरनं आम्हाला बऱ्याच गोष्टी सांगितल्या नव्हत्या, त्यात ही आणखी एक.

घरात शिरल्यावरही तेच. भिंत वाजवली, फ्रीज वाजवला, जेवणाचं टेबल वाजवलं. बोटाच्या पेरानं ठोकायचं, मान जराशी कलती करायची आणि थांबायचं. कोपऱ्यात गावाहून आलेला फणस होता, तोही वाजवला आणि माझ्या बायकोला, स्मिताला, म्हणाले की अजून दोन दिवस थांब. ती थांबली नाही. फणस कच्चा निघाला आणि तेव्हापासून ती मास्तरांना मानायला लागली. मला मात्र या माणसाबद्दल नेमकं काय वाटतं हे कधीच ठरवता आलं नाही. ते समोर असले की माझा गोंधळ व्हायचा आणि गेले की तो वाढायचा.

मास्तर वसईजवळच्या भुईगावचे. कौलारू घर, मागे केळी आणि चार नारळ, ओट्यावर क्रूस आणि पडवीत कारखाना. एका शाळेत तीस वर्षं पोरांना सुतारकाम शिकवलं म्हणून मास्तर, आणि फावल्या वेळात स्पीकरच्या पेट्या बनवायचे म्हणून खोकेमास्तर. हल्ली खोकं म्हटलं की लोक डोळे मिचकावतात, पण यांचं खोकं म्हणजे निव्वळ लाकडाची पेटी. चर्चच्या कॉयरला त्यांचीच खोकी आणि पलीकडच्या आळीतल्या भजनी मंडळालाही त्यांचीच. "तोंड बाजारात मिळतं," ते म्हणायचे. तोंड म्हणजे तो कागदी पडद्याचा गोल स्पीकर. "पण आवाज तोंडातून येत नाही रे, पोटातून येतो. पोट ज्याचं त्याला बनवावं लागतं." लाकूड पाचूबंदरहून आणायचे, होड्यांच्या कामातून उरलेले सागाचे तुकडे. जे लाकूड पाणी आत येऊ देत नाही ते आवाज बाहेर गळू देत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं. खरं-खोटं देव जाणे. मी विमा कंपनीत नोकरी करतो, मला त्यातलं काय कळणार?

मी त्यांच्याकडे का गेलो ते सांगायला हवं आणि सांगताना मला अजून लाज वाटते. माझे वडील, बाबा, अंबरनाथला एका कारखान्यात फिटर होते. तिथल्या दोन खोल्यांच्या घरात, काचेच्या शोकेसवर, त्यांचा स्टीरिओ सेट होता. दोन मोठे लाकडी स्पीकर आणि मधे टेप. रोज संध्याकाळी सात ते आठ नाट्यगीतं, नाहीतर एखादी जुनी मैफल. त्या तासात बाबांशी कुणी बोलायचं नाही असा नियम होता आणि तो फक्त आई मोडायची. मग आई गेली. सहा महिन्यांनी मी बाबांना वसईला, आमच्या एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटवर आणलं. सामान हलवायचं काम माझ्याकडे होतं. सेट जुना झालाय, शोकेस लिफ्टमध्ये मावायची नाही, असं मीच मनाशी ठरवलं आणि दोन्ही भंगारवाल्याला देऊन टाकलं. शोकेसमधल्या कपबशा शेजारणींना वाटल्या. बाबा तेव्हा खाली टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले होते. मी त्यांना विचारायलासुद्धा खाली गेलो नाही.

वसईतल्या पहिल्या संध्याकाळी सात वाजता ते हॉलमध्ये येऊन बसले. इकडेतिकडे बघितलं आणि पेपर उचलला. रागावले नाहीत, विचारलं नाही, काही नाही. त्या दिवसापासून त्यांनी गाणं ऐकणं सोडलं. भांडले असते तर परवडलं असतं. रोज सात ते आठ तो पेपर तोंडासमोर धरलेला. एकच पान तासभर वाचणाऱ्या माणसाला काय म्हणायचं?

म्हणून मी नवे स्पीकर घ्यायचं ठरवलं आणि गोंधळाला सुरुवात झाली. इंटरनेटवर एक म्हणतो, विकतचेच घ्या, कंपनीतले इंजिनियर काय मूर्ख आहेत का? दुसरा म्हणतो, छे, स्वतः बनवा, कंपनीवाले सगळ्या जगासाठी एकाच मापाचं शिवतात. तिसरा या दोघांना अडाणी ठरवतो आणि आलेख काढून दाखवतो. तीन आठवडे मी रोज वाचत होतो आणि रोज आदल्या दिवसापेक्षा मला कमी कळत होतं. शेवटी कंटाळून जिला जास्त तारे होते ती जोडी मागवली. बाबांची आवडती गाणी मोबाईलवरून लावली. बाबा पाहुण्यासारखे हात मांडीवर ठेवून दोन मिनिटं बसले. म्हणाले, "छान आहे." आणि पेपर उचलला.

वसईतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदारानं मला मास्तरांचं नाव सांगितलं. रविवारी भुईगावला गेलो तर पडवीत नालासोपाऱ्याचे एक गृहस्थ बसलेले. त्यांना स्वतःच्या हातानं स्पीकर बनवायचे होते, वहीत आकृत्या काढून आणल्या होत्या. मास्तरांनी सगळ्या आकृत्या नीट बघितल्या आणि त्यांना सांगितलं की विकत घ्या, चांगले मिळतात. गृहस्थ पडेल चेहऱ्यानं गेले. मग मी म्हटलं, मास्तर, मी विकतच घेतलेत. तर म्हणाले, परत करून टाक. मी म्हटलं, वाईट आहेत का? म्हणाले, नाही, ती कंपनी उत्तम आहे. आता याला काय म्हणायचं? माझं डोकं चक्रावलं. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं की त्यांना एक आणि मला एक, असं का?

"त्यांना स्पीकर हवेत," मास्तर म्हणाले. "तुला स्पीकर नकोयत."

"मग मला काय हवंय?"

"ते बघायला घरी येतो की."

म्हणून ते आमच्या घरी आले, दार वाजवलं, फणस वाजवला आणि हॉलच्या मधोमध उभे राहून चार टाळ्या वाजवल्या. मग माझे नवे स्पीकर ऐकले, डोळे मिटून, अख्खं गाणं. गाणं संपल्यावर मला विचारलं, "काय ऐकू आलं?"

हा त्यांचा पेटंट प्रश्न. कसं वाटलं असं ते कधी विचारायचे नाहीत. मी म्हटलं, छान. "छान हा आवाज नाही," ते म्हणाले. "छान हा शिष्टाचार आहे. काय ऐकू आलं?" मी घाबरून म्हटलं, तबला. कुठे? डावीकडे. किती लांब? आता तबला किती लांब हे मला काय माहीत, मी आपलं टीव्हीपर्यंत म्हणून सांगितलं. पुढे त्यांच्या पडवीत मी असे कितीतरी रविवार काढले. एकच गाणं, आधी एका खोक्यातून, मग दुसऱ्यातून, आणि दर वेळी तोच प्रश्न. खरं सांगतो, दहातल्या आठ वेळा मला काहीही फरक कळायचा नाही. मी अंदाजपंचे काहीतरी ठोकून द्यायचो. त्यांना ते समजायचं आणि ते नुसते हसायचे, पण रागावले कधीच नाहीत.

त्या पहिल्या दिवशी मात्र मला सोडून ते बाबांपाशी गेले. खुर्ची ओढून समोर बसले आणि विचारायला लागले, तुम्ही अंबरनाथला कुठे बसायचात? खिडकी कोणत्या हाताला? सेट कशावर होता? बाबा आधी एकेका शब्दात उत्तरं देत होते, मग हळूहळू खुलले. शोकेसची उंची हातानं दाखवली. मास्तर म्हणाले, शोकेसमध्ये काय होतं? कपबशा. किती? सहा. चिनी मातीच्या की काचेच्या? चिनी मातीच्या, निळ्या काठाच्या. अर्धा तास कपबशा! मला वाटलं, झालं, दोन म्हातारी माणसं भेटली, आता कामाचं राहिलं बाजूला. डग्गा घुमला की त्या कपबशा खडखडायच्या, बाबा सांगत होते, आणि ही स्वयंपाकघरातून म्हणायची, अहो, हळू करा, कपबशा नाचतायत. मग मी हळू करायचो. थोड्या वेळानं परत वाढवायचो. आईचं ते ओरडणं मीही लहानपणी रोज ऐकलं होतं आणि साफ विसरलो होतो. तेव्हा मी फक्त घड्याळाकडे बघत होतो, कारण मास्तरांनी स्पीकरचं माप अजून घेतलंच नव्हतं.

खोकी व्हायला पाच महिने लागले. पंधरा दिवस म्हणाले होते. या माणसाला घाई या शब्दाची ॲलर्जी होती. पण त्याहून जास्त ॲलर्जी खडखडीची. खोकं जोडून झालं की त्यातून एक खालचा, घुमणारा सूर सोडायचे आणि कान लावून चारी बाजूंनी फिरायचे. कुठे बारीकशी जरी खरखर आली तरी पुन्हा सगळं उघडायचं. "खडखडलं म्हणजे खोकं खोटं बोलतंय," म्हणायचे. कॉयरचं एक खोकं त्यांनी सणाच्या आदल्या दिवशी उकललं होतं, फादर दारात उभे असताना. आणि एखादा स्क्रू त्यांच्या मनासारखा बसला की बारीक ब्रश घेऊन त्यावर लाल रंगाचा एक ठिपका द्यायचे. प्रत्येक खोक्यामागे असे आठ-दहा लाल ठिपके. गंज लागू नये म्हणून असतील, असं मी मनाशी ठरवलं. विचारलं नाही. मनाशी ठरवणं ही माझी जुनी खोड आहे.

खोकी घेऊन आले ते शेजाऱ्याच्या टेम्पोतून. दोन्ही स्वतः जागेवर ठेवली, बोटभर इकडे, बोटभर तिकडे. त्यांच्याबरोबर एक छोटा ॲम्प्लिफायर होता, आवाजाला मोठं गोल बटण असलेला, आणि ते बटण त्यांनी बाबांच्या हाताला लागेल असं ठेवलं. सात वाजत आले होते. गाणं सुरू झालं, डग्गा घुमला आणि डाव्या खोक्यातून किणकिण आवाज आला. स्पष्ट खडखड! मी चपापून मास्तरांकडे बघितलं. ते माझ्याकडे नाही, बाबांकडे बघत होते. बाबांनी पेपर खाली ठेवला होता.

"काय ऐकू आलं?" मास्तरांनी विचारलं.

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. मास्तरांनी मान हलवली आणि चपला घातल्या. लिफ्टपाशी मला एवढंच म्हणाले, "आता कशालाही हात लावू नकोस." पॉलिश ओलं असेल, असं मी मनाशी ठरवलं.

त्यानंतर बाबा रोज ऐकायला लागले. सात वाजले की स्वतः उठून लावायचे. स्मिता म्हणाली की बाबा जेवतानाही चार घास जास्त घेतात. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण ती किणकिण माझ्या डोक्यात बसली. पाच महिने रविवार घालवले, तारे असलेली जोडी परत केली आणि हाती काय, तर खडखडणारं खोकं? शिवाय बाबा सारखे ते बटण फिरवायचे. वाढवायचे, खडखड झाली की थोडं थांबायचे, मग कमी करायचे, परत वाढवायचे. मला वाटलं, बटणातही दोष आहे. म्हाताऱ्या मास्तरांना आता वरच्या पट्टीतलं ऐकू येत नसेल, त्यांना कसं सांगायचं, बिचाऱ्यांना वाईट वाटेल. मी फारच समजूतदारपणे वागत होतो.

एका शनिवारी बाबा खाली फिरायला गेले असताना मी डावं खोकं वळवलं. मागे, सगळ्यात खाली, पत्र्याचं एक छोटं झाकण होतं आणि मधोमध एक स्क्रू. त्यावर लाल ठिपका. हात लावला तर झाकण हलत होतं. सापडला चोर! ठिपका खरवडून काढला आणि स्क्रू घट्ट आवळला. गाणं लावलं. स्वच्छ आवाज, खडखडीचा मागमूस नाही. मी इतका खूश झालो की स्मिताला हाक मारून दाखवलं. जन्मात पहिल्यांदा मला ऐकून इतका स्पष्ट फरक कळला होता.

त्या संध्याकाळी बाबा बसले. बटण वाढवलं, थांबले. आणखी वाढवलं. मग गाणं अर्ध्यावर असताना बंद केलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी पेपर. मी विचारलं, बाबा, का हो, आवाज चांगला नाही येत का?

"छान आहे," बाबा म्हणाले.

आता मात्र माझं मलाच काही कळेना. दोष काढला तर ऐकणं थांबलं? मी मनात दहा कारणं काढली, कान, वय, मूड, हवामान. स्मिता म्हणाली, एकदा त्यांनाच नीट विचार ना की काय हवंय. मी म्हटलं, विचारलं की, छान आहे म्हणतात. ती म्हणाली, मग मास्तरांना विचार. पण मास्तरांना काय तोंडानं विचारायचं? तुमच्या खोक्यात खोट होती, ती मी काढली, असं? आणि नेमका त्याच आठवड्यात मास्तरांचा फोन आला. मी ऑफिसात होतो. त्यांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"काय ऐकू येतंय?"

मी म्हटलं, छान, मास्तर. सगळं छान. "छान हा आवाज नाही रे," ते म्हणाले. आवाज थकलेला वाटला. मग फोन ठेवला. मी पुन्हा कामाला लागलो.

भुईगावला जायला मला महिना-दीड महिना लागला. आज जाऊ, उद्या जाऊ करत होतो. शेवटी एका रविवारी दुपारी गेलो. पडवीतली हत्यारं आवरून ठेवलेली होती आणि अर्ध्या झालेल्या दोन खोक्यांवर चादर टाकलेली. मावशी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, बाहेर आल्या. त्या आधी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलल्या, मग माझा चेहरा बघून साध्या मराठीवर आल्या. मास्तर जाऊन तीन आठवडे झाले होते. झोपेतच गेले. कॉयरनं त्यांच्याच खोक्यांवर गाणी म्हटली. चर्चमधली महिन्याची प्रार्थना, मिस्सा, पुढच्या रविवारी आहे, ये, म्हणाल्या.

मला बसवेना आणि उठवेना. मावशींनी पाणी आणलं, चहा आणला. काय बोलायचं म्हणून मी खोक्यांचं बोलायला लागलो, की बाबांना फार आवडली होती. मावशी एकदम म्हणाल्या, "ते एव्हरशाईनचे बाबा का? त्यांच्यापायी माझी बशी फोडली की."

मला काही उमजेना. त्या सांगायला लागल्या, हसत आणि मधेच डोळे पुसत. सहाचा सेट होता, मुलीनं दिलेला, निळ्या काठाचा. मास्तरांनी न विचारता एक बशी उचलली आणि पडवीत नेऊन फोडली. मग आठवडाभर तो एवढासा तुकडा घेऊन बसले. स्क्रू सैल करायचे, आवाज लावायचे, परत आवळायचे. जरा जास्त आवळला की मुका आणि जरा सैल सोडला की भांडी पडल्यासारखा. जन्मभर खडखड काढणारा माणूस आणि आता मुद्दाम खडखड घालतोय, मावशींना वाटलं, याचं डोकं फिरलं. "एका रात्री जेवताना ताट सोडून उठले," मावशी म्हणाल्या. "म्हणे, सापडली ती जागा. आणि वर माझीच नेलपॉलिश लावली."

"नेलपॉलिश?"

"तो लाल ठिपका. माझी बाटली कधी माझ्या नखांना पुरली नाही. ठिपका दिला म्हणजे काम संपलं, त्या स्क्रूला पुन्हा हात लावायचा नाही. सगळ्यांना माहीत आहे इकडे."

मला माहीत नव्हतं. चहाचा कप माझ्या हातात होता आणि त्याला बशी नव्हती, हे आता कुठे माझ्या लक्षात आलं. मावशींना मी काय केलं ते सांगितलं. वाटलं, रागावतील, आणि रागावायला हवंच होतं. त्या एवढंच म्हणाल्या की सैल कर जा, किती ते ऐकून कळेल. पण मला ऐकून काही कळत नाही हो मावशी, मी म्हटलं. मी त्या पडवीत, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, हमसून हमसून रडलो.

घरी आलो तेव्हा सात वाजायला आले होते. बाबा खुर्चीत, तोंडासमोर पेपर. मी गाणं लावलं, डावं खोकं वळवलं आणि स्क्रू पाव फेरा सैल केला.

"काय ऐकू आलं, बाबा?"

"छान आहे."

"छान नको. काय ऐकू आलं ते सांगा."

बाबांनी पेपरावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, तबला. मी आणखी पाव फेरा सोडला. पेटी, म्हणाले. आणखी सोडला तर खोकं इतकं खडखडलं की बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या, मी घाईनं परत आवळला तर मुकं झालं. कितीदा तरी असं झालं. एकदा तर झाकण कलंडलं आणि आतला तो तुकडा मला दिसला, रुपयाएवढा, मधे भोक पाडलेला, कडेला निळी रेघ. कंपनीचे स्पीकर चांगले की हातानं बनवलेले, हे मला अजून कळलेलं नाही आणि आता कळेल असं वाटतही नाही. पण एखाद्याची खडखड पाच महिने शोधत बसणारा माणूस कोणत्या कंपनीत नोकरीला असतो? मास्तर असते तर त्यांना विचारलं असतं आणि त्यांनी मला आणखी गोंधळात टाकलं असतं.

गाणं तिसऱ्यांदा लागलं होतं. मी केसभर स्क्रू फिरवला आणि हात काढला. डग्गा घुमला आणि डावीकडून बारीक किणकिण आली, थांबली, परत आली. पेपर खाली गेला. मी काहीच विचारलं नाही. बाबांनी हात लांब करून बटण वाढवलं. किणकिण वाढली. मग त्यांनी मान जराशी वळवली, स्वयंपाकघराच्या बाजूला, आणि थांबले. तिथे कुणी नव्हतं, स्मिता बाहेर गेली होती.

"हो, हो, करतो हळू," बाबा म्हणाले आणि बटण मागे फिरवलं.

मी उठून स्मिताच्या कपाटातली नेलपॉलिशची बाटली आणली आणि स्क्रूवर लाल ठिपका दिला. तो मास्तरांच्या ठिपक्यापेक्षा बराच मोठा पडला.